भीती बेअरिंगची, दगा पाण्याचा: एका सेकंडहँड बॉक्स्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडमधल्या स्लाउ गावातलं, सप्टेंबर २०२२ पासून पुढच्या साधारण दीड वर्षातलं. गाडीची मालकीण मूळची नाशिककडची, पेशाने भूलतज्ज्ञ, बरीच वर्षं तिथल्या सरकारी रुग्णालयात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना डॉक्टरबाईच म्हणतो. मी स्वतः याच जातीची गाडी, पोर्शची बॉक्स्टर, बाळगून आहे, त्यामुळे पहिल्या फोनपासून बिलांच्या फाइलपर्यंत सगळं माझ्या नजरेखालून गेलं.

मुलगी विद्यापीठात गेली, घरातली सात आसनी गाडी रिकामी धावू लागली आणि डॉक्टरबाईंनी ठरवलं की आता एक गाडी स्वतःसाठी. छत उघडणारी, हाताने गिअर टाकायची, दोघांची. यजमानांचा आक्षेप सरळ होता: "दोन माणसांची गाडी, वीस वर्षं जुनी, आणि बॉनेट उघडलं तर आत इंजिनच नाही!"

इंजिन असतं, पण सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. पोर्शच्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये, म्हणजे १९९६ साली आलेल्या ९८६ मालिकेत, सहा सिलिंडरचं आडवं बॉक्सर इंजिन, म्हणजे समोरासमोर आडवे सिलिंडर असलेलं, तिथे बसवलेलं आहे. पुढे एक डिकी, मागे एक डिकी. तेल आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरायची तोंडं मागच्या डिकीत. बाकी इंजिन वरून पाहायचं तर छत अर्धवट उचलून धरायचं, मागचं झाकण वर करायचं, गालिचा काढायचा, मग पत्र्याचं आवरण. रस्त्याच्या कडेला उभं राहून "जरा बघू काय झालंय" असं या गाडीत होत नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयात ही गोष्ट आडवी आली आहे.

बेत सात-आठ हजार पौंडांचा होता. माझदा एमएक्स-५ चालवून पाहिली; छान, पण इंजिन पुढे, आणि डॉक्टरबाईंचं मन दुसरीकडेच लागलेलं. टोयोटाची एमआर-२ रोडस्टर इंजिन मधोमध असलेली, हलकी आणि स्वस्त, पण सामान ठेवायला जवळपास जागाच नाही. बॉक्स्टरची पुढची पिढी, ९८७, बजेटच्या काठावर येत होती. तिथे रस्ताकराने अडवलं. ब्रिटनमध्ये २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना धूर कितीही असला तरी कर एका टप्प्याच्या वर जात नाही. त्या तारखेनंतरच्या बहुतेक बॉक्स्टर वरच्या टप्प्यात जातात आणि कर सुमारे पावणेदोन पट होतो. दरवर्षीचा.

सापडली ती २००३ ची बॉक्स्टर एस. ३.२ लिटर, २६० अश्वशक्ती, सहा गिअर, काचेची मागची खिडकी (आधीच्या गाड्यांत प्लास्टिकची असते, ती पिवळी पडते), ७८ हजार मैल. डॉक्टरबाईंना लंडनच्या डॉलिस हिलमधल्या महाराष्ट्र मंडळात नेहमी जावं लागतं, आणि तो भाग तेव्हाच प्रदूषण शुल्काच्या हद्दीत आलेला होता. दिवसाला साडेबारा पौंड. पण शुल्काच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहिल्यावर ती सूट मिळणाऱ्यांत निघाली. या वयाच्या पेट्रोल गाड्यांत हे प्रत्येक वेळी जमतंच असं नाही, म्हणून सौद्याच्या आधी नंबर टाकून पाहावाच.

पेच: जाहिरातीत एक, बिलात दुसरंच

९८६ बॉक्स्टरचं नाव काढलं की दुसऱ्या वाक्यात आयएमएस बेअरिंग येतं. इंजिनातला मधला शाफ्ट, म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट (आयएमएस), पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँककडून चेनने फिरतो आणि पुढे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवतो. फ्लायव्हीलच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या, बाजूला त्या शाफ्टला एका सीलबंद बॉल बेअरिंगचा आधार असतो. काळाने सील कडक होतं, इंजिन ऑइल आत शिरतं, आतलं ग्रीस धुऊन जातं. मग ते अडकलेलं तेल शिळं होतं. बेअरिंग फुटलं की शाफ्ट डगमगतो, चेन सुटते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन बसतं. दुरुस्तीला बहुतेकदा गाडीच्या किमतीइतका खर्च.

सुरुवातीच्या गाड्यांत हे बेअरिंग दुहेरी रांगेचं होतं, २००० नंतर ते एकेरी झालं. अमेरिकेत यावरून ग्राहकांचा दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यातून चर्चेत आलेले आकडे असे की एकेरी बेअरिंगच्या सुमारे ८ टक्के गाड्यांत बिघाड, दुहेरीत सुमारे १ टक्का. आमची गाडी एकेरीवाली.

जाहिरातीत लिहिलं होतं: "क्लच आणि आयएमएस केलेलं आहे." फाइल चाळली तर २०१९ च्या बिलात क्लच होता, फ्लायव्हीलचे बोल्ट होते, आणि आरएमएस होतं. आरएमएस म्हणजे क्रँकचं मागचं सील. आयएमएसचं नावही नाही. विकणारा गृहस्थ लबाड वाटला नाही. दोन सारखी दिसणारी आद्याक्षरं आणि दोन्ही भाग एकाच जागी, त्याची प्रामाणिक समजूत झाली होती. पण गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवल्याशिवाय ते बेअरिंग दिसत नाही. म्हणजे २०१९ साली हे सगळं उतरवलेलं असताना काही शे पौंडांचा भाग बदलायचा राहिला, आणि त्याच मजुरीचं बिल आता पुढच्या मालकाच्या वाट्याला येणार.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय, गाडी सोडून देणं. यजमानांचं मत तेच. दुसरा, भाव पाडून घ्यायची आणि बेअरिंगला हात न लावता चालवायची: इंजिन ऑइल, गाडीच्या कंपनीने दिलेल्या लांबलचक मुदतीऐवजी, दर पाच हजार मैलांनी बदलायचं, दर वेळी जुना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा चुरा चमकतो का पाहायचं, आणि गाडी नुसती उभी न ठेवता नियमित पळवायची. तिसरा, घेतल्याघेतल्या गिअरबॉक्स उतरवून बेअरिंग, सील आणि क्लच सगळं एकदम.

मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने होतो. कागदावर हिशेब असा: इंजिन बसलं तर साडेसहा हजार पौंड धरू. शक्यता ८ टक्के धरली तरी जोखमीचं मोल सव्वापाचशेच्या आसपास. वीस वर्षं टिकलेल्या बेअरिंगची शक्यता नेमकी तेवढीच असेल असं नाही, पण ती चौपट धरली तरी एकवीसशेच्या पुढे जात नाही. आणि दुरुस्ती होती अडीच हजारांच्या घरात. शिवाय क्लच तीन वर्षांचाच. हाच क्लच घसरत असता तर मी तिसरा पर्याय डोळे झाकून सांगितला असता, कारण मजुरी एकदाच लागते.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचा हिशेब शंभर गाड्यांचा आहे. माझ्याकडे एकच आहे, आणि मोटरवेवर प्रत्येक नव्या आवाजाला मी दचकणार असेन तर ती घेऊन करू काय?" याला उत्तर नव्हतं.

गाडीच्या तज्ज्ञ गॅरेजकडून आधी तपासणी करून घेतली. फिल्टर कापला, चुरा नव्हता. सांगितलेली किंमत ७,९०० होती. बिलातली तफावत पुढे ठेवल्यावर घासाघीस न करता विक्रेता ६,८०० वर आला. तपासणीच्या अहवालात आणखी दोन ओळी होत्या: "छताच्या पन्हाळीत पाला" आणि "मागचे टायर जुने, नक्षी भरपूर". त्या ओळींपुढे खूण लाल नव्हती, पिवळी होती. आमची सगळी चर्चा लाल खुणेवर, म्हणजे बेअरिंगवर, झाली.

काय केलं

ऑक्टोबरमध्ये गिअरबॉक्स उतरला. बेअरिंग, क्रँकचं सील आणि, उघडलंच आहे तर, क्लच प्लेटही. बिल २,३५० पौंड.

जुनं बेअरिंग मेकॅनिकने डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवलं. बोटाने फिरवलं तर विनाखरखर फिरत होतं. सील मात्र कडक झालेलं, आतल्या ग्रीसचा पत्ता नाही, जळकट वासाचं काळं तेल. अजून किती गेलं असतं? मेकॅनिक म्हणाला, वर्षभर किंवा वीस वर्षं. यजमानांनी संध्याकाळी विचारलं की मग चांगलंच होतं तर पैसे कशाला घातले. डॉक्टरबाईंचं उत्तर त्यांच्या धंद्यातलं होतं: "ऑपरेशन सुरळीत झालं म्हणून मॉनिटर लावायची गरज नव्हती असं म्हणतोस का?" मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही, कारण मॉनिटरला अडीच हजार लागत नाहीत. पण त्यानंतर त्या गाडी मोकळेपणाने चालवू लागल्या, हे खरं. दिवाळीच्या कार्यक्रमाला श्रीखंडाचे डबे नेले ते पुढच्या डिकीत. मागची डिकी इंजिनाला लागून असल्याने तासाभराच्या प्रवासात गरम होते, हे त्यांना एका फुटलेल्या दह्याने आधीच शिकवलं होतं.

नोव्हेंबरातलं पाणी

गाडी घरासमोर रस्त्यावर, एका मोठ्या झाडाखाली उभी असायची. नोव्हेंबरात आठवडाभर पाऊस झाला. एका सकाळी रिमोटने दार उघडेना. किल्लीने उघडल्यावर अलार्म सुरू झाला, काच आपोआप खाली आली, आणि इंजिन सुरू होईना. पाय आत टाकला तर गालिच्यातून पाणी वर आलं.

बॉक्स्टरचं छत जिथे घडी होऊन बसतं तिथे दोन्ही बाजूंना पन्हाळ आहे. छतावरचं पाणी तिथे येतं आणि नळीतून गाडीखाली जातं. पाला साचून ते भोक तुंबलं की पाणी आत उतरतं आणि सीटखाली जमतं. आणि नेमकं सीटखाली, गाडीतल्या सगळ्यात खोल जागी, अलार्म आणि इमोबिलायझरचा (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) कंट्रोल बॉक्स बसवलेला आहे. ही जागा कोणी निवडली असेल त्याने इंग्लंडातला नोव्हेंबर पाहिला नसावा.

इथे पुन्हा तीन वाटा. नवीन बॉक्स घेऊन किल्ल्यांसकट कोडिंग करून घेणं, सगळ्यात महाग. तोच बॉक्स वाळवून परत लावणं, फुकट. पण सर्किटवर हिरवट गंज धरलेला, महिन्याभराने पुन्हा बंद पडण्याची खात्रीच. तिसरी वाट, जुन्या बॉक्समधली माहिती दुसऱ्या सेकंडहँड बॉक्सवर उतरवून देणारा इलेक्ट्रॉनिक्सवाला गाठणं. यात किल्ल्या त्याच चालतात. हीच निवडली, ३५० पौंड लागले.

पण खरी मेहनत गालिच्याची. त्याच्या खाली जाड फोम चिकटवलेला असतो आणि तो भिजलेल्या गोधडीसारखा आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर कोरडा लागतो. दोन्ही सीट काढल्या, गालिचा उचलून खाली लाकडी ठोकळे सारले आणि ओलावा शोषणारं यंत्र भाड्याने आणून आत ठेवलं. बॉक्स आल्यावर तो तळाला न लावता आम्ही थोडा उंचावर बांधला.

मग पन्हाळ साफ केली. छत अर्ध्यावर थांबवलं, दोन्ही कोपऱ्यांत टॉर्च मारला. काळ्या चिखलात झाडाच्या बिया रुजलेल्या, एका कोंबाला दोन पानंही फुटलेली. वरचा गाळ हाताने काढला आणि गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूहळू भोकात सरकवली. कडक तार घालू नये. खालची नळी निसटली तर पाणी थेट आतच पडतं. एकदाचं भोक मोकळं झालं आणि मागच्या चाकाच्या पुढून काळं पाणी भळभळा रस्त्यावर आलं. वीस मिनिटांचं काम, खर्च शून्य. अहवालातल्या पहिल्या पिवळ्या ओळीची किंमत सीट काढण्या-लावण्यासकट सहाशे पौंड झाली.

मार्चमधला राउंडअबाउट

दुसरी पिवळी ओळ टायरची. फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीची वार्षिक तपासणी झाली आणि ती बिनशेरा पास झाली. तपासणीत नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा खोल आहे ना, भेगा-फुगवटे नाहीत ना, एवढं पाहतात; मोटारीच्या टायरचं वय म्हणून कोणी नापास करत नाही. मागच्या टायरांची नक्षी सहा मिलिमीटर होती. त्यांच्या बाजूवर, उठावाच्या अक्षरांच्या शेवटी, चार आकडे होते: ३११२. म्हणजे २०१२ सालचा एकतिसावा आठवडा. पुढचे टायर वेगळ्या कंपनीचे आणि बरेच नवे.

मार्चमध्ये एका ओल्या संध्याकाळी विंडसरकडून परतताना राउंडअबाउटवर डॉक्टरबाई दुसऱ्या गिअरमध्ये होत्या, वेग तीस मैलांच्या आसपास. वळण अंदाजापेक्षा आवळत गेलं आणि त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला. घरच्या मोठ्या गाडीत हेच केलं की नाक आत वळतं आणि सगळं सावरतं. इथे मागची बाजू सुटली. गाडी अर्धा फेरा फिरून आल्या दिशेला तोंड करून थांबली, मागचं डावं चाक फुटपाथच्या दगडावर. मागे वाहन नव्हतं. कुणाला इजा नाही.

पाय उचलला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर सरकतं आणि मागच्या चाकांची पकड कमी होते. सगळ्याच गाड्यांत. पण ज्या गाडीचं जड इंजिन मधोमध असतं ती स्वतःभोवती चटकन फिरते. कोरड्या घाटरस्त्यावर हाच तिचा गुण: स्टिअरिंग हलवलं की गाडी लगेच वळते. ओल्यात, दहा वर्षांच्या कडक रबरावर, सुरू झालेलं फिरणं थांबवायला वेळ उरत नाही. त्यात ९८६ वर पीएसएम, म्हणजे घसरण सावरणारी यंत्रणा, जादा पैसे देऊन घ्यायची होती, आणि पहिल्या मालकाने घेतली नव्हती. डॅशबोर्डवर पीएसएमचं बटण आहे का, हे गाडी पाहायला गेल्यावर दहा सेकंदांत कळतं.

रिम वाकला, मागच्या चाकाची दिशा धरणारा दांडाही वाकला. यजमान म्हणाले, विका. डॉक्टरबाई दोन आठवडे गाडीत बसल्या नाहीत. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे एकाच कंपनीचे, कारखान्याने मान्य केलेल्या खुणेचे चार टायर घातले, पुढे २०५/५०, मागे २५५/४०, सतरा इंची. आणि चारही चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. हवेचा दाब टायरवाल्याने सवयीने चारही चाकांत सारखा भरला होता. या मापाला पुढे २९ आणि मागे ३६ पीएसआय लागतो, तो घरी येऊन दुरुस्त केला. हे सगळं मिळून ११५० पौंड. दुसरं म्हणजे एका मोकळ्या धावपट्टीवर, पाणी मारलेल्या डांबरावर, प्रशिक्षकाला शेजारी बसवून त्यांनी दिवसभर तीच चूक मुद्दाम पुन्हा पुन्हा केली. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात पाय तसाच हलका टेकलेला ठेवायचा, आणि मागची बाजू हललीच तर पाय उचलायच्या मोहाला बळी पडायचं नाही. सांगायला एका वाक्याचं आहे. पायाला पटायला दिवस गेला.

हिशेब

पहिल्या वर्षाचा हिशेब, विमा आणि पेट्रोल सोडून: गाडी ६,८००, बेअरिंग आणि क्लच २,३५०, पाणी आणि इलेक्ट्रॉनिक्स ६००, टायर-रिम-अलाइनमेंट १,१५०. एकूण १०,९००. यातले सर्वांत जास्त पैसे ज्या भागावर गेले तो कधी बिघडलाच नाही. ज्या दोन गोष्टींनी गाडी खरोखर बंद पाडली आणि आडवी केली त्या अहवालात लिहिलेल्या होत्या आणि कोणी वाचूनही वाचल्या नव्हत्या.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. गाडी ताब्यात आल्याच्या दिवशी पन्हाळी साफ आणि आठवड्याभरात मागचे टायर. बेअरिंगचा निर्णय क्लच संपेपर्यंत थांबू शकला असता, असं माझं मत अजूनही आहे. डॉक्टरबाईंचं नाही, आणि गाडी त्यांची आहे.

तपासणीचा अहवाल वाचताना रंगाऐवजी दोन प्रश्न विचारायला हवे होते: हे बिघडलं तर गाडी चालवताना बिघडेल का, आणि ते आत्ता करायला किती पडतं? जुने टायर पहिल्या प्रश्नात आणि पन्हाळी दुसऱ्यात वर आल्या असत्या.

विक्रेत्याने "केलेलं आहे" म्हटलेल्या कामाचं बिल मागायचं आणि त्यात भागाचं नाव वाचायचं, हे मात्र इथे बरोबर झालं. अकराशे पौंड त्यानेच वाचवले.

गाडी हिवाळ्यात कर न भरता बंद ठेवायचा विचार झाला होता. तो जमला नाही, कारण कर थांबवलेली गाडी तिथे सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही आणि डॉक्टरबाईंकडे गॅरेज नाही. बरंच झालं. झाडाखालची जागा मात्र त्यांनी सोडली.

२०२४ मधली स्थिती

२०२४ च्या तपासणीत गाडी पास झाली, एका शेऱ्यासह: मागच्या ब्रेकच्या नळ्यांवर वरवरचा गंज. या नळ्या इंजिन-गिअरबॉक्सच्या वरून जातात, म्हणजे बदलायच्या तर सगळं खाली घ्यायला हवं. नळ्या शे-दीडशेच्या, मजुरी हजाराची. मागच्या डिकीतली कुलंटची प्लास्टिकची टाकीही या वयात चिरते, आणि तिलाही पोहोचायला जवळपास तीच उस्तवार. गॅरेजवाल्याने नळ्यांना ग्रीस फासून वर्षभर थांबायचा पर्याय दिला होता. या वेळी आमच्यात वाद झाला नाही. ब्रेक आहे, पहिल्या प्रश्नातच वर आला. नळ्या, टाकी आणि कुलंट एकत्र करायला त्या वर्षीच्या जूनमधली तारीख घेतली, आणि यजमानांनी त्या आठवड्यासाठी मोठ्या गाडीची किल्ली काढून दिली.